जुन्या रेल्वेमार्गावरचे निसर्गक्षेत्र : झाडे लावायची की झुडपे काढायची?

रूळवाट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

शहरातून जाणारा, गाड्या बंद होऊन काही दशके उलटलेला एक रेल्वेमार्ग आता निसर्गक्षेत्र म्हणून राखला गेला आहे आणि त्याची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक आहे. मार्ग जेमतेम दोन किलोमीटरचा असून त्याची रुंदी कोठेही पंचवीस पावलांपेक्षा अधिक नाही. रूळ आणि त्यांखालचे बहुतेक आडवे स्लीपर केव्हाच उचलून नेले आहेत. खडी मात्र जागेवरच आहे. निम्मा मार्ग भरावावरून जातो, उरलेला खोल कापलेल्या घळीतून, आणि घळीच्या टोकाला एक बंद बोगदा आहे. दर पंधरवड्याला एका सकाळी आम्ही बारा-पंधरा जण जमतो, कचरा उचलतो, पायवाट मोकळी करतो आणि उरलेल्या वेळात काय करावे यावर वाद घालतो. हा वाद आता इतका वाढला आहे की तो येथे मांडावासा वाटतो.

भरावावर सुमारे तीनशे मीटरच्या एका पट्ट्यात खडी अजून उघडी आहे. तिच्यात वीतभर उंचीची, बारीक फुलांची रोपे उगवतात, दगडांवर दगडफुलाचे करडे-पिवळे डाग आहेत, आणि ऊन चढू लागले की सापसुरळ्या त्या दगडांवर येऊन निपचित पडतात. चार वर्षांपूर्वी हा पट्टा मी पावलांनी मोजला तेव्हा तो नऊ पावले रुंद होता. गेल्या महिन्यात त्याच खांबापासून मोजला तर चार पावले भरला. दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपे सरकत आहेत आणि त्यांच्या मागोमाग शेंगा धरणारी, झपाट्याने वाढणारी झाडे येत आहेत.

आमच्यातील काहींचे म्हणणे असे की ही जागा उजाड दिसते, तेव्हा तेथे माती टाकून झाडे लावावीत; पाचशे रोपे आणि दोन ट्रक माती फुकट देण्याची एका दात्याची तयारीही आहे. काहींना झुडपे काढून खडी मोकळी ठेवायची आहे. मी स्वतः याच मताचा आहे, पण मला ते नीट पटवून देता येत नाही. गेल्या खेपेस मी करवत घेऊन एका खोडापाशी वाकलो असताना रोज तेथून फिरायला जाणाऱ्या एका बाई थांबल्या आणि "झाडे तोडता आणि वर निसर्गाची सेवा म्हणता?" असे त्यांनी विचारले. मी काहीतरी पुटपुटलो. त्या दिवशी प्रथमच आलेले दोन तरुण पुन्हा फिरकले नाहीत.

एक चूकही कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी तण वाढू नये म्हणून आम्ही खडीच्या एका टोकाला लाकडाच्या चिपाट्यांचा जाड थर पसरला होता. आज नेमक्या त्याच ठिकाणी कमरेएवढे रानगवत माजले आहे आणि तेथे सापसुरळी दिसत नाही. असे का झाले आणि आता काय करावे, हे कोणी जाणकार सांगू शकेल का?

तृणपाती यांचे उत्तर

रूळवाट यांस,

चिपाट्यांपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नाचे उत्तर त्या चुकीत आहे. रुळांखालची खडी मुद्दाम अशी निवडलेली असते की तिच्यात पाणी थांबू नये आणि माती साचू नये. गाड्या बंद झाल्यावर तिच्यात जे उगवते ते तहानेला आणि उपासमारीला सरावलेले असते. दगडांच्या फटींत धूळ, थोडी कुजलेली पाने आणि कधीकाळची कोळशाची राख एवढ्यावरच ती रोपे जगतात, आणि नत्र-स्फुरद तेथे जवळजवळ नसल्यामुळेच मोठी, खादाड झाडे त्यांच्या वाटेला जात नाहीत. तुम्ही चिपाट्या पसरल्या तेव्हा पहिले काही महिने तण दबले असेल. पण लाकूड कुजत गेले, त्याचा काळा भुगा फटींत उतरला, ओल धरू लागला आणि खडीला तिच्या स्वभावाविरुद्ध माती मिळाली. रानगवताला एवढेच हवे होते. आता दाताळ्याने तो थर शक्य तितका ओढून काढा, गवत कापा आणि कापलेले गवत तेथे न ठेवता बाहेर न्या. कापून तेथेच टाकलेले गवत हे खतच असते. हे दोन-तीन वर्षे सातत्याने केल्यास जागा हळूहळू पुन्हा निकृष्ट होईल, आणि येथे निकृष्ट हा शब्द मी कौतुकाने वापरतो आहे.

खडी आणि वनस्पती यांचे नाते किती जुने आहे याचा एक दाखला सांगण्यासारखा आहे. सिसिलीतील एटना ज्वालामुखीच्या राखाड उतारांवरून आलेली पिवळ्या फुलांची एक वनस्पती ऑक्सफर्डच्या वनस्पतिउद्यानात वाढवली जात होती. ती तेथून निसटून आधी गावातल्या जुन्या भिंतींवर आली आणि १८४४ मध्ये रेल्वे तेथे पोहोचल्यावर रुळांच्या कडेने इंग्लंडभर पसरली. तिला आज ऑक्सफर्ड रॅगवर्ट म्हणतात. ज्वालामुखीच्या राखेत जगण्याची सवय असलेल्या त्या रोपाला रुळांखालची खडी आणि कोळशाची राख घरच्यासारखी वाटली. जॉर्ज क्लॅरिज ड्रूस या वनस्पतिशास्त्रज्ञाने तर तिच्या तंतुमय बिया ऑक्सफर्डला डब्याच्या खिडकीतून आत आलेल्या आणि टाइलहर्स्ट स्थानकापाशी बाहेर पडलेल्या स्वतः पाहिल्याची नोंद केली आहे. रेल्वेमार्ग ही अशी ओळीने मांडलेली खडकाळ जमीन असते, आणि शहरात तशी दुसरी जमीन सहसा नसते. आंबराई, उद्यान, रस्त्याकडेची झाडे हे सर्व अन्यत्र करता येते; तीनशे मीटर उघडी, तापणारी, भुकेली खडी पुन्हा तयार करायला कोणी जाणार नाही.

हस्तक्षेप न केल्यास काय होते याचा सर्वांत चांगला अभ्यास बर्लिनमध्ये झाला आहे. तेथील टेंपलहोफचे मालगाड्यांचे यार्ड शहराच्या फाळणीनंतर १९५२ मध्ये बंद पडले आणि चार दशके त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आज सुमारे १८ हेक्टरांचे ते क्षेत्र नाटुअर-पार्क झ्युडगेलेंड या नावाने राखलेले आहे. १९८१ मध्ये तेथील ३७ टक्के जागेवर झाडझाडोरा होता. १९९१ मध्ये, म्हणजे केवळ दहा वर्षांत, तो ७० टक्क्यांवर गेला. कोरडी गवताळ जागा आणि तिच्यावर अवलंबून असलेले कीटक डोळ्यांदेखत आक्रसत होते. म्हणून तेथे असा निर्णय झाला की काही भागात वन आपोआप वाढू द्यावे, आणि उरलेल्या भागात मोकळी जागा कापणीने आणि मेंढ्यांच्या चराईने टिकवावी. तुमचे नऊ आणि चार पावलांचे मोजमाप हीच गोष्ट सांगते. ते लिहून ठेवा. तुमच्या गटापुढे भाषणापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

शेंगा धरणाऱ्या झाडांविषयी मात्र सावध राहा. बर्लिनमध्ये ती रॉबिनिया आहे, उष्ण प्रदेशात बहुधा सुबाभूळ असते; जात कोणतीही असो, या कुळातील बहुतेक झाडांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. म्हणजे तुम्ही माती टाकली नाही तरी ही झाडे स्वतःच खत घालत असतात. रॉबिनिया नुसती बुंध्यापाशी कापली तर मुळांतून दहा फुटवे येतात, म्हणून तेथे पहिल्या वर्षी खोडाची साल गोलाकार काढताना एक अरुंद पट्टी शिल्लक ठेवतात आणि पुढच्या वर्षी ती पट्टीही काढतात. झाड घाबरून फुटवे न काढता हळूहळू क्षीण होते. या झाडांची वीतभर रोपे मात्र पाऊस पडून गेल्यावर हाताने मुळासकट उपटावीत. ओल्या खडीतून ती सहज निघतात.

आणि ते दोन ट्रक माती कृपा करून परत पाठवा.

जुना_पथ_निरीक्षक यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी आयुष्यभर रुळांच्या देखभालीचे काम केले आहे, वनस्पतींचे मला फारसे कळत नाही. पण दोन गोष्टी राहून गेल्या आहेत आणि त्या जिवाशी संबंधित आहेत म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट जमिनीची. लाकडी स्लीपर टिकावेत म्हणून ते क्रिओसोट या डांबरी तेलात मुरवलेले असत. त्या तेलात कर्करोगकारक द्रव्ये असतात आणि ती वर्षानुवर्षे खालच्या थरात झिरपत राहतात. शिवाय रुळांवर गवत उगवू नये म्हणून पूर्वी ठिकठिकाणी आर्सेनिकयुक्त तणनाशके फवारली जात, इंजिनांची राख कडेला टाकली जाई, आणि ब्रेकच्या भुकटीत ॲसबेस्टॉस असे. तेव्हा खडीखालची जमीन खणण्यापूर्वी मातीचे नमुने तपासून घ्यावेत, तेथे भाजीपाला अजिबात लावू नये, आणि पडलेले जुने स्लीपर शेकोटीत जाळू नयेत. त्याचा धूर फार वाईट असतो. वरवर झुडपे कापायला हरकत नाही, मात्र हातमोजे घालूनच कामाला बसावे आणि काम झाल्यावर काही खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. गंजलेले खिळे आणि रूळ आवळून धरणाऱ्या पिना व चाव्या खडीत अजून सापडतील. धनुर्वाताची लस सर्वांनी घेतलेली असावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. भराव हा मातीचा ढीग असतो आणि तो उभा राहतो तो पाणी बाहेर काढून दिल्यामुळे. खडीच्या दोन्ही बाजूंना उथळ नाल्या असतात आणि भरावाच्या पोटातून मोऱ्या गेलेल्या असतात. गाड्या धावत असताना आमची माणसे त्या दरवर्षी साफ करीत. मार्ग बंद झाल्यावर ते काम कोणाचेच राहत नाही. मोरीचे तोंड पाला आणि प्लास्टिकने बुजले की पाणी भरावाच्या एका अंगाला तुंबते, माती फुगते आणि एखाद्या मोठ्या पावसात कड घसरते. त्यामुळे झुडपांच्या वादापेक्षा आधी सगळ्या मोऱ्या शोधा, त्यांचे नकाशावर क्रमांक टाका आणि मोठ्या पावसाआधी व नंतर त्या पाहा. मोरीत कोणीही स्वतः शिरू नये; बाहेरून लांब दांड्याच्या पंजाने जेवढे निघेल तेवढेच काढावे आणि पुढचे काम जमिनीच्या मालकाला लेखी कळवावे.

उतारावरची सगळी झुडपेही एकदम काढू नका. वरच्या सपाट खडीवरची काढा. उतारावरच्या मुळांनी माती धरून ठेवलेली असते. उलट उताराच्या मधोमध उंच वाढलेले, एका बाजूला कललेले झाड मला अधिक भीतिदायक वाटते, कारण ते वादळात पडताना मुळांबरोबर मातीचा मोठा घास घेऊन जाते. अशा झाडाची उंची वेळेवर कमी करावी, पण ते काम प्रशिक्षित माणसाचे आहे, सकाळच्या श्रमदानाचे नाही.

आडवाट यांचे उत्तर

मला थोडा विरोधी सूर लावू द्या. वर ज्या बर्लिनच्या यार्डाचे उदाहरण दिले आहे, ते मौल्यवान झाले ते स्वयंसेवकांनी काळजी घेतल्यामुळे नव्हे, तर चाळीस वर्षे कोणीच काळजी न घेतल्यामुळे. त्या काळात एखादी उत्साही मंडळी दर पंधरवड्याला तेथे करवती घेऊन गेली असती तर आज अभ्यासण्यासारखे काय उरले असते? पॅरिसला वेढा घालणाऱ्या ३२ किलोमीटरच्या पेतित सँत्यूर या लोहमार्गावरची प्रवासी वाहतूक १९३४ मध्ये थांबली आणि त्याच्या पुष्कळ भागात जे रान माजले तेही असेच, कोणाला न विचारता.

आज उघडी खडी दुर्मीळ आहे म्हणून ती राखावी, हे मला समजते. पण झुडपेही शहरात दुर्मीळच असतात, आणि लहान पक्ष्यांना घरट्यासाठी ती काटेरी गर्दीच लागते. रूळवाट यांना सापसुरळ्या आवडतात म्हणून त्यांना पट्टा आक्रसलेला दिसतो. पक्षी मोजणाऱ्या माणसाला तोच पट्टा बहरलेला दिसेल. नऊ पावलांची रुंदी हीच त्या जागेची खरी रुंदी, हे कोणी ठरवले? ज्या वर्षी तुम्ही मोजायला सुरुवात केली तेच वर्ष प्रमाण मानण्याची ही सवय मला खटकते. निदान मार्गाचा काही भाग असा ठेवा की जेथे कोणतेही हत्यार कधीच जाणार नाही, आणि तो भाग कंटाळवाणा दिसला तरी तसाच राहू द्या.

घळ_आणि_भराव यांचे उत्तर

आडवाट यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्यावर माझे उत्तर एवढेच की रेल्वेमार्ग हा अरुंद असतो. अठरा हेक्टरांच्या यार्डात काही भाग रानाला सोडूनही मोकळी जागा उरते; पंचवीस पावलांच्या पट्टीत एकदा दोन्ही कडा मधोमध भेटल्या की मोकळी जागा संपलीच. त्यातही दोन्ही बाजूंनी घरे, दिवे, मांजरे आणि टाकाऊ फर्निचर यांचा रेटा आत येत असतो. त्यामुळे येथे काय राखायचे याचा निर्णय न घेणे म्हणजे झुडपांच्या बाजूने निर्णय घेणे होय. तरीही कोठेतरी हत्यार नेऊ नये, ही सूचना मी उचलून धरतो. आमच्याकडे घळीचा सावलीतला, दमट भाग तसा सोडला आहे. तेथे नेचे आणि शेवाळ आपापले बघतात.

मी अशाच एका जुन्या मार्गावर अनेक वर्षे स्वयंसेवकांच्या कामाची आखणी करतो, म्हणून करवतीपाशी थांबलेल्या त्या बाईंविषयी लिहितो. पहिल्या काही वर्षांत मीही अशा लोकांना टाळत असे. नंतर लक्षात आले की जागेवर ज्यांचा जीव आहे तेच थांबून भांडतात. लंडनमधील पार्कलँड वॉक या जुन्या मार्गावरची प्रवासी वाहतूक १९५४ मध्ये बंद झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथून मोटाररस्ता नेण्याचा विचार पुढे आला तेव्हा रोज तेथून चालणाऱ्या लोकांनीच तो हाणून पाडला, आणि १९९० मध्ये तो मार्ग स्थानिक निसर्गक्षेत्र म्हणून जाहीर झाला. भांडणारा शेजारी पुढे अशा वेळी उपयोगी पडतो. आता आमच्यापैकी एक जण त्या सकाळी कोणतेच काम करत नाही. तो फक्त पायवाटेवर उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो. त्याच्या हातात एक साधी गोष्ट असते: गेल्या कापणीच्या वेळी आणि सहा महिन्यांनी, एकाच खांबापासून काढलेली दोन छायाचित्रे. शिवाय कापणी सुरू करण्याच्या दोन आठवडे आधी त्या जागी कागद लावून काय कापणार, किती कापणार आणि का, हे सांगून ठेवतो. ज्याला विरोध करायचा आहे त्याला आधी करू द्यावा. हातात करवत असताना कोणाचेही बोलणे नीट होत नाही.

किती कापायचे, याबाबत आमचा नियम असा की एका वर्षी एक तृतीयांशापेक्षा अधिक नाही. पट्ट्याचे तुकडे पाडून क्रमाने फिरायचे, म्हणजे कोणत्याही क्षणी ताजी उघडी खडी, गुडघाभर वाढ आणि दाट झुडूप अशा तिन्ही अवस्था शेजारी शेजारी असतात. यात आडवाट यांच्या पक्ष्यांचीही सोय होते. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात एकही झुडूप कापायचे नाही, आणि इतर वेळीही कापण्यापूर्वी आत वाकून पाहायचे.

नव्या स्वयंसेवकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. माणूस निसर्गासाठी काही करायला येतो तेव्हा त्याच्या मनात खड्डा, रोप आणि झारी असते, आणि आपण त्याच्या हातात कात्री देतो. म्हणून आम्ही पहिल्या दिवशी कोणालाही काही कापू देत नाही. सुतळीची हातभर व्यासाची एक कडी देतो, ती खडीवर कोठेही टाकायला सांगतो आणि तिच्या आत दिसेल ते अर्धा तास बसून मोजायला लावतो. नावे आली नाहीत तरी चालते. 'केसाळ पानाचे', 'दोरीसारखे पसरणारे' अशी वर्णने लिहिली तरी पुरे. एकदा एका आजोबांना अशा कडीत एका लहानशा भोकात शिरलेली एक बारीक माशी दिसली. पाहता पाहता भोकातून मातीचा कण बाहेर आला, मग दुसरा, आणि मग पिवळ्या परागाने माखलेले एक डोके. ती माशी नव्हती. जमिनीत एकेकटी घर करणारी मधमाशी होती, आणि तिला उघडी, कोरडी, ऊन खाणारी जमीनच लागते. त्या आजोबांना खडी मोकळी का ठेवायची हे पुन्हा कोणी समजावले नाही. पुढच्या खेपेस ते स्वतःची कात्री घेऊन आले.

जाता जाता कुत्र्यांविषयी. बेल्जियममधील गेंट शहराजवळच्या चार निसर्गक्षेत्रांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की फिरायला आणलेल्या कुत्र्यांच्या मलमूत्रातून दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद जमिनीत पडते. तुम्ही एका बाजूने गवत उपसून खडी उपाशी ठेवणार आणि दुसऱ्या बाजूने हे खत पडत राहणार. विष्ठा उचलून नेण्याचा आग्रह हा केवळ स्वच्छतेचा मुद्दा नाही, एवढे तुमच्या फलकावर जरूर लिहा.

दात्यालाही दुखवू नका. त्याला मोऱ्यांच्या दुरुस्तीसाठी किंवा हत्यारांसाठी मदत मागा. न्यूयॉर्कच्या हाय लाइन या उंचावरच्या जुन्या रेल्वेमार्गाची छायाचित्रे पाहून अनेकांना वाटते की जुन्या मार्गावर सुंदर लागवड हेच उद्दिष्ट असावे; पण तेथे १९८० मध्ये गाड्या थांबल्यावर आपोआप उगवलेले रान काढून टाकले आणि नवी माती व नवी रोपे आणली, मग २००९ मध्ये पहिला टप्पा लोकांसाठी उघडला. ते एक देखणे उद्यान आहे. तुमच्याकडे जे आहे ते वेगळे आहे.

रूळवाट यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तृणपाती यांचे उत्तर मी छापून गटाला वाचून दाखवले आणि 'निकृष्ट' या शब्दावर बराच वेळ हशा झाला. माती मात्र आता येणार नाही. दात्याने लांब दांड्याचे पंजे आणि हातमोजे देण्याचे मान्य केले आहे. गेल्या सकाळी आम्ही वीस मीटरमधल्या चिपाट्या उपसल्या. वरचा थर अजून लाकडासारखा होता, पण खाली बोटभर काळी, भुसभुशीत माती तयार झालेली होती आणि तिच्यात पांढऱ्या मुळांचे जाळे इतके घट्ट बसले होते की दाताळ्याने ते गोधडीसारखे गुंडाळून निघाले. एकूण अडतीस पोती भरली. खालची खडी धुतल्यासारखी वर आली.

मोऱ्या शोधल्या. जुन्या नकाशात पाच आहेत. आम्हाला तीन सापडल्या. आडवाट यांच्या सूचनेप्रमाणे घळीचा शेवटचा दोनशे मीटरचा भाग हत्यारांसाठी कायमचा बंद केला आहे, आणि यावर आश्चर्य म्हणजे कोणीच वाद घातला नाही.

दोन शंका उरल्या आहेत. कापलेली झुडपे बाहेर न्यायला गाडी मिळत नाही, तर ती आवारातच कोठे ठेवता येतील का? आणि बोगद्याच्या तोंडाचा पत्रा वाकला असून संध्याकाळी आतून वटवाघळे बाहेर पडताना दिसतात. मुले आत शिरू नयेत म्हणून तेथे भिंत घालावी असे काहींचे मत आहे.

घळ_आणि_भराव यांचे उत्तर

भिंत मुळीच घालू नका. वटवाघळे दीर्घ निद्रेत असताना त्यांना पुन्हा पुन्हा उठवले तर साठवलेली चरबी संपून ती मरतात, म्हणून माणसांना आत जाऊ न देणे योग्यच आहे. पण त्यासाठी आडव्या सळ्यांचे कुलूपबंद जाळीदार दार लावतात. दोन सळ्यांत सुमारे १५ सेंटीमीटर अंतर ठेवले की वटवाघूळ पंख न मिटता पार होते आणि माणूस अडतो. हवा आत खेळती राहिली पाहिजे, कारण बोगद्याचे तापमान आणि ओल यांवरच तो त्यांच्या उपयोगाचा ठरतो. दार बसवण्याचे काम त्यांच्या पिलांच्या आणि दीर्घ निद्रेच्या काळात करू नका, तोंडापाशी दिवा लावू नका, आणि आधी वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या कोणाला तरी दोन-तीन संध्याकाळी मोजणी करायला बोलवा. अनेक ठिकाणी त्यांच्या वसतिस्थानाला कायद्याचे संरक्षण असते, तेव्हा परवानगीही आधी घ्यावी लागेल.

झुडपांचे ढीग आवारात ठेवायला हरकत नाही, फक्त खडीवर नको आणि नालीच्या काठी नको. भरावाच्या पायथ्याशी, सावलीच्या बाजूला, जेथे जमीन आधीच सुपीक आणि झाडोऱ्याची आहे तेथे रचा. जाड खोडे खाली, बारीक फांद्या वर. शेंगा किंवा बिया धरलेल्या फांद्या मात्र त्या ढिगात घालू नका, त्या पोत्यात भरून बाहेर न्या. एकदा रचलेला ढीग पुढे हलवू नका, कारण महिनाभरात त्यात कोणी ना कोणी राहायला आलेले असते.

जुना_पथ_निरीक्षक यांचे उत्तर

उरलेल्या दोन मोऱ्या नकाशात जेथे दाखवल्या आहेत तेथे भरावाच्या पायथ्याशी पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जाऊन पाहा. जेथे गवत इतर ठिकाणांपेक्षा अधिक हिरवे आणि जमीन पायाखाली मऊ लागेल, तेथेच मोरीचे तोंड बुजलेले असेल.